सुभेदाराचा भत्ता

चि. बाळास,


सिनेगॉगच्या ट्रस्टवर निवडून आलास, आनंद झाला. मोशे आणि दावीद तुला लहानपणापासून ठाऊक आहेत. आता नहेम्या वाच, मुख्यतः पाचवा अध्याय.

हा ना राजा, ना संदेष्टा. शूशनच्या राजवाड्यात अर्तहशश्त बादशहाचा प्यालेबरदार. इ.स.पू. ४४५ च्या सुमारास तो यरुशलेमला आला आणि यहूदाचा सुभेदार झाला. आल्या आल्या भाषण ठोकलं नाही. मोजकी माणसं घेऊन रात्री पडका तट आधी स्वतः पाहिला. पुढे तो तट ५२ दिवसांत उभा राहिला, हे सगळेच सांगतात. मला मात्र मधलं भांडण जास्त मोलाचं वाटतं.

गोरगरीब बायकामुलांसह गाऱ्हाणं घेऊन आले. दुष्काळ, त्यात बादशहाचा सारा. शेतं, द्राक्षमळे गहाण पडलेले, पोरीबाळी दासी झालेल्या. सावकार परके नव्हते, आपल्यातलेच मातब्बर होते. नहेम्या संतापला, त्यानं सभा बोलावली. तिथे तो काय म्हणाला ते नीट बघ: मी, माझे भाऊ, माझे नोकर, आम्हीही पैसा आणि धान्य कर्जाऊ दिलंय, आता हे आपण सगळेच सोडू. त्यानंतर सावकार जमिनी परत द्यायला कबूल झाले. तरी नुसत्या होकारावर त्यानं भागवलं नाही, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. (तूही ठराव लिहून घेत जा.)

सुभेदारीचा भत्ता त्यानं १२ वर्षं घेतला नाही. भत्ता हक्काचा होता. पण लोक आधीच पिचलेले आहेत, एवढं कारण त्याला पुरलं. त्याच्या पंक्तीला दीडशे माणसं जेवत, तरीही. आणि त्या काळात स्वतःसाठी जमीनही विकत घेतली नाही.

तसा तो काही संत नव्हता. पुढे एकदा चिडून त्यानं माणसांचे केस उपटले. शिवाय ‘देवा, माझं चांगलं लक्षात ठेव’ हे त्याचं पालुपद. तेवढं उचलू नकोस.

आता कामाचं. ट्रस्टचा एक गाळा आपल्याच घराकडे जुन्या भाड्यानं आहे. भाडेवाढीचा विषय निघेल तेव्हा सुरुवात त्या गाळ्यापासून कर. तुझे बाबा चिडतील. त्यांच्याशी मी बोलेन.

तुझा,
काका