जांभ्यावरचा ऑईलपेंट आणि संगमरवरासारखी पाटी

शंका : महाबळेश्वरला आमचा ब्रिटिशकालीन बंगला आहे. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसची चौकट जांभ्याची, पण कधीतरी तिला पांढरा ऑईलपेंट दिलेला. दर पावसाळ्यानंतर रंगाचे पापुद्रे सुटतात, खाली पांढरी भुकटी दिसते आणि हात लावला की दगडच झडतो. गवंडी म्हणतो, सिमेंटचा गिलावा करून वर ग्रॅनाइट बसवू. बसवावा का?

समाधान : कृपा करून बसवू नका. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जांभा सच्छिद्र दगड. तो ओल शोषतो आणि हवा मिळाली की सोडून देतो. ऑईलपेंटने ही सुटकेची वाट बुजवली. आता क्षार घेऊन आलेलं पाणी रंगाआड अडतं, क्षारांचे स्फटिक तिथेच वाढतात आणि दगडाचा वरचा थर फोडतात. धुराड्यातल्या जुन्या काजळीतही क्षार असतात, म्हणून चौकट बाकीच्या भिंतीआधी झडते. सिमेंट-ग्रॅनाइट लावलंत तर हीच झीज नजरेआड चालू राहील.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. छपरावर माणूस चढवा. धुराडं छपराला भिडतं तिथला सांधा आणि धुराड्याचं तोंड, दोन्ही तपासून घ्या. वापरात नसलेल्या धुराड्यात पोती कोंबलेली असतील तर ती काढा. त्यांनी ओल थांबत नाही, हवा मात्र थांबते. पाऊस अडेल पण वारा खेळेल अशी टोपी वर बसवा.

मग रंग. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला. तुमच्या चौकटीवरचे जुने थर त्याआधीचे, म्हणून ग्राइंडर, कोरडा सँडपेपर आणि ब्लोलॅम्प तिन्ही वर्ज्य. लेपासारखा दाट रिमूव्हर कोपऱ्यात लावून पाहा, रंग मऊ झाला की लाकडी पट्टीने उचला, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. ॲसिडने धुण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सांध्यांतला चुना विरघळेल. लोणा कोरड्या ब्रशने झाडून भुकटी बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा दगडात मुरतात.

दरजा सिमेंटने भरलेल्या असतील तर हलक्या हाताने खरवडून चुन्याने भरा : एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सावकाश घट्ट होतो. त्यावर ओलं गोणपाट ठेवा, लगेच शेकोटी पेटवू नका. हे काम पावसाळा सरल्यावर काढा. नंतर जांभा उघडाच ठेवा. त्याचा तांबूस रंग मला कुठल्याही ग्रॅनाइटपेक्षा देखणा वाटतो. पांढरंच हवं असेल तर चुन्याची सफेदी द्या.

शंका : लेस्टरमध्ये आम्ही व्हिक्टोरियन घर घेतलं. फायरप्लेसची चौकट काळ्या संगमरवराची आहे. एका कोपऱ्याचा टवका उडाला, तर आत नुसता करडा दगड! आमची फसवणूक झाली का?

समाधान : नाही. ती पाटीच्या दगडाची आहे. पाटीवर रंग चढवून, भट्टीत भाजून संगमरवराचा आभास देण्याची रीत जॉर्ज मॅग्नस यांनी १८४० मध्ये पेटंट केली होती, आणि मध्यमवर्गीय घरांत ती खूप चालली. ते नक्षीकाम म्हणजे केवळ वरचा थर आहे. म्हणून रिमूव्हर लावू नका, पॉलिश कागदाने घासू नका. ओलसर मऊ फडका आणि सौम्य साबण पुरे. टवका काळ्या मेणाने भरता येतो. कोणी 'खरा संगमरवर लावून देतो' म्हणालं तर ही चौकट फेकू देऊ नका.

जाळ पेटवायचा असेल तर आधी धुराडं साफ करून तपासून घ्या आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तुमचा भाग धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो का, हे कौन्सिलकडे विचारून मगच लाकूड आणा.