जनरेटर भंगारात देण्याआधी

उन्हाळकामं तोंडावर आली आहेत. पापड, कुरडया, शेवया, वर्षाचा मसाला. आणि नेमकी याच दिवसांत भरदुपारी लाइट जाते. बैठकांना फिरताना बऱ्याच गटांकडे एक गोष्ट दिसते : व्यवसायासाठी कर्ज काढून घेतलेला छोटा पेट्रोल जनरेटर पडवीत नाहीतर गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेला. "तो बिघडलाय," असं सांगतात. काय बिघडलंय असं विचारलं की उत्तर येतं, "दोरी ओढून ओढून खांदे दुखले, सुरूच होत नाही." एका गटाने तर तो विकायचा ठराव इतिवृत्तात लिहूनसुद्धा टाकला आहे. ज्याचे हप्ते पोटाला चिमटा काढून फेडले, ती वस्तू किलोच्या भावाने जाणार.

तसा ठराव तुमच्याही गटात होणार असेल, तर आधी एक दिवस काढा आणि हा पाठ सोबत घेऊन बसा.

पहिली गोष्ट समजून घ्या. नुसता ठेवून दिलेला जनरेटर सहसा बिघडत नाही, त्याच्यातलं पेट्रोल बिघडतं. टाकीत पेट्रोल दोन-तीन महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. (त्यातलं काही आपल्याच उसाचं आहे म्हणा, साखर कारखान्यांतून येतं.) हे इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. एक पावसाळा गेला की टाकीच्या तळाशी पाणी साठू शकतं, आणि पाणी आलं की गंजही आलाच.

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी वापरलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. बर्नरचं भोक बुजलं की कितीही पंप मारा, स्टोव्ह पेटत नाही, पिन मारावी लागते. जनरेटरच्या कार्बोरेटरमध्ये तसंच एक पितळी बोंडलं असतं, त्याला जेट म्हणतात. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. पेट्रोलची राळ तिथे जाऊन बसते. मग इंजिन चांगलं, प्लग चांगला, आणि तरी जनरेटर मुका.

आता कामाला लागू. जनरेटर अंगणात, मोकळ्यावर काढा. चूल, उदबत्ती, विडी, काहीही पेटतं जवळ नको. पदर खोचून घ्या, ओढणी बांधा, लेकरांना लांब बसवा. आधी फक्त बघा. उंदरांनी आत घर केलंय का? वायरी कुरतडल्यात का? सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घरटं केलेलं नाही ना? तेवढ्या एका घरट्यानेही इंजिन सुरू व्हायचं अडतं. वायर कुरतडलेली दिसली तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीला दाखवा.

प्लगची टोपी काढून ठेवा म्हणजे चुकून सुरू होणार नाही. मग दोरी अगदी हळू ओढा. जरा जड लागून फिरली तर इंजिन जिवंत आहे. अजिबात हलली नाही तर जोर करू नका, आत गंज धरला असेल. ते काम आपलं नाही, गॅरेजचं.

जुनं पेट्रोल सगळं काढा. थोडंही ठेवू नका, त्यात नवं घालून "चालवून घेऊ" असं तर अजिबात नको. उग्र, रंगाच्या डब्यासारखा वास आला की समजा ते गेलं. ते गटारीत किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही आणि त्याने चूल पेटवायची तर मुळीच नाही. झाकणाच्या डब्यात भरा आणि गॅरेजवाल्याला द्या. मग टाकीत बॅटरीचा उजेड मारून बघा. तळाला तांबूस चुरा दिसला तर टाकी सोडवून थोड्या ताज्या पेट्रोलने खळखळून धुवायची.

आता मुख्य काम, कार्बोरेटर. काहीही खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. मिस्त्रीसुद्धा काढतात, लाज वाटायचं कारण नाही. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते, ती मधल्या एका बोल्टवर बसलेली असते, बहुतेक वेळा दहा नंबरचा पाना लागतो. खाली ताट धरून बोल्ट सोडवा. वाटीत हिरवट-पिवळा चिकट थर किंवा पाण्याचे थेंब दिसले, तर तुमचा "बिघाड" सापडला. वर मधोमध पितळी जेट दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने सोडवा आणि उजेडासमोर धरून बघा. भोकातून उजेड आरपार दिसला पाहिजे. नाही दिसला तर स्पेअर पार्टच्या दुकानात कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मिळतो, तो मारून अर्धा तास ठेवा. मग वायरीतली तांब्याची एकच बारीक तार काढून भोकातून फिरवा. स्टोव्हची पिन किंवा सुई इथे चालणार नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग जनरेटर पेट्रोल पितो, काळा धूर सोडतो. वाटीची रबरी रिंग फाटली असेल तर नवी टाका, नाहीतर पेट्रोल गळेल आणि गरम इंजिनावर पडेल.

हे करायला धीर होत नसेल तर कार्बोरेटर सोडवून मोटारसायकलच्या गॅरेजवर न्या. अख्खा जनरेटर टेम्पोत घालून नेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. फक्त "जनरेटर बंद आहे" असं सांगू नका. "जुनं पेट्रोल होतं, जेट बुजलाय, साफ करून द्या दादा," असं सांगा. नेमकं सांगणाऱ्या बाईला फिरवाफिरवीची उत्तरं कमी मिळतात, हा माझा अनुभव आहे.

बाकीचं थोडक्यात. प्लग काळा किंवा गंजलेला असेल तर घासत बसू नका, नवा घ्या, शे-दोनशे रुपयांत येतो. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. इंजिन ऑइल बदला, कुठलं आणि किती ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. ऑइल कमी असलं की काही जनरेटर मुद्दामच सुरू होत नाहीत, आत तशी सोय असते. म्हणून ऑइल बघताना आणि सुरू करताना मशीन सपाट जागेवर हवं. तुमचा जनरेटर टू-स्ट्रोक असेल तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, ते प्रमाणही पुस्तिकेत बघा.

ताजं एक लिटर पेट्रोल घाला. प्लगची टोपी बसवा. काहीही जोडू नका, बल्बसुद्धा नाही. कॉक उघडा, स्विच चालू, चोक लावा, दोरी आधी हळू आणि मग झटक्यात ओढा. वाटी भरायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या पाच-सहा ओढण्यांत निराश होऊ नका. सुरू झाला की चोक हळूहळू काढा. चोक काढताच बंद पडत असेल, किंवा आवाज चढ-उतार करत राहिला, तर जेट अजून पुरता मोकळा झालेला नाही. पुन्हा वाटी सोडवा.

दहा मिनिटं नुसता चालू द्या, मग एक साधा बल्ब लावा. बल्ब नेहमीसारखा पेटला तर छान. फार लखलखीत पेटला किंवा फडफडला तर लगेच बंद करा, व्होल्टेज जास्त आहे, त्यावर मिक्सर जोडलात तर जळेल. इंजिन छान चालतंय पण बल्ब पेटतच नाही, असंही होतं. बरीच वर्षं पडून राहिलेल्या जनरेटरच्या आतलं चुंबकत्व कमी होतं. ते पुन्हा देता येतं, पण ते जाणकार इलेक्ट्रिशियनचं काम आहे. त्यासाठी मशीन भंगारात काढू नका.

आता दोन गोष्टी अशा आहेत की त्यात चुकलं तर जनरेटर नाही, माणूस जातो.

एक, धूर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाऊस आला म्हणून जनरेटर पडवीत घेतला, आवाज नको म्हणून खोलीत ठेवून दार लोटलं, की तो वायू साठतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि मग शुद्ध जाते. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. म्हणून जनरेटर बाहेरच, दार-खिडकीपासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. शेवया करता करता दोघी-तिघींचं डोकं एकदम दुखायला लागलं तर ते ऊन लागलं असं समजू नका. सगळ्याजणी बाहेर मोकळ्या हवेत या, जनरेटर बंद करा आणि दवाखाना गाठा.

दुसरं, घरच्या लाइटला जोडणं. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायची पद्धत काही गावांत आहे. ती आजच बंद करा. ती वीज घरात थांबत नाही, मेन स्विच चालू राहिला तर उलटी डीपीकडे जाते. डीपी एरवी ११,००० व्होल्ट कमी करून आपल्याला देते. उलटी वीज गेली की तीच डीपी तिचे हजारो व्होल्ट करून तारेत सोडते. लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन त्यात जातो. तो आपल्याच गावातला कुणाचातरी मुलगा असतो. यंत्र थेट जनरेटरला जोडा, आणि घरच जोडायचं असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

अजून एक, कारण यावरून गटात भांडणं झालेली आहेत. जनरेटर सुरू झाला म्हणजे सगळं चालेल असं नाही. मिरची कांडपाची २ एचपी मोटर म्हणजे जवळपास दीड हजार वॅट, आणि सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट वीज मागते. २ केव्हीएचा जनरेटर तिथे धापा टाकणार. त्यावर मिक्सर, पॅकिंगचं छोटं सीलिंग मशीन, पंखा, दिवे खुशाल चालवा. कांडपासाठी तो नाही, त्यात कुणाची चूक नाही.

हंगाम संपला की ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होते. टाकीही रिकामी करा. सायलेन्सरच्या तोंडाला कापड बांधा, आणि सुरू करण्याआधी सोडायचं हे त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. वापरात असेल त्या काळात महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, दिवे-पंखा लावून चालवा. बैठकीच्या दिवशीच केलं तर विसरत नाही. हजेरीच्या रजिस्टरला शेवटी एक पान करा : तारीख, कोणी चालवला, पेट्रोल किती, ऑइल कधी बदललं. भाड्याने दिलात तर तेही तिथेच लिहा, आणि परत आला की भाडं हातात घ्यायच्या आधी तिथेच एकदा सुरू करून बघा.