जुन्या मोटारीचा जादा पंखा

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश सेल्सिअस उष्णतामान नोंदलें गेलें. अशा दिवसांत ज्या घरीं जुनी मोटार आहे, तेथें एक तक्रार हमखास ऐकूं येते. वर्धा रोडवर गाडी धांवत असतां आंत चांगला गारवा असतो; परंतु सीताबर्डीच्या चौकांत तांबड्या दिव्यापाशीं ती उभी राहिली, कीं थोड्याच वेळांत तोच झोत कोमट होतो. मागें आजोबा किंवा तान्हें मूल बसलेलें असेल, तर हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाहीं.

पुष्कळ मंडळी लगेच “गॅस संपला” असा निकाल देऊन पैसे खर्च करितात. वस्तुतः चालत्या गाडींत गारवा मिळतो, एवढ्यावरूनच गॅस बव्हंशीं शाबूत असल्याचें अनुमान निघतें. मग दोष कोठें आहे?

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील सर्व सोपें आहे. गाडीच्या आंतल्या नळ्यांत विशिष्ट द्रव उकळून त्याची वाफ होते व ती आसपासची उष्णता शोषून घेते. आपल्या घरच्या कूलरांतील वाळा ओला असतां पाणी हेंच काम करितें. मोटारींतील द्रव मात्र उडून जाऊं द्यावयाचा नसतो. म्हणून कॉम्प्रेसर त्या वाफेस दाबून तप्त करितो आणि गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींत ती पुन्हां द्रवरूप होते. ही उष्णता घेऊन जावयास कोण येतें? केवळ वारा. गाडी धांवते तेव्हां तो फुकट मिळतो. गाडी उभी राहिली, कीं सारी भिस्त पंख्यावर; आणि अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत तो पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद, तर पंखाही मंद. शिवाय तो रेडिएटरच्या मागें असल्यामुळें पुढच्या जाळीपर्यंत त्याची ओढ कमीच पोंचते.

परिणाम असा, कीं कंडेन्सरमधील उष्णता व दाब चढत जातात. आर-१३४ए हा वायु ६० अंशांवर हवेच्या दाबाच्या सुमारें १७ पट दाबाखालीं द्रवरूप होतो. ७० अंशांवर तोच दाब २१ पटींच्या घरांत जातो. कॉम्प्रेसरला कष्ट अधिक, गारवा कमी. ज्या गाड्यांत पूर्वीं आर-१२ हा वायु होता, त्यांची अडचण आणखी मोठी. १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वयें तो वायु क्रमशः बंद झाला व पुष्कळ जुन्या यंत्रांत आर-१३४ए भरण्यांत आला. इतक्या उष्णतामानांत ह्याचा दाब किंचित् अधिक असतो आणि जाळी मात्र जुनीच राहिली.

पंखा आणण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. मोकळ्या जागेंत गाडी उभी करून, ब्रेक ओढून, इंजिन व वातानुकूलन चालूं ठेवावें आणि कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा सोडावा. झोत लागलीच थंड झाला, तर वाऱ्याचीच उणीव आहे असें समजावें. फरक न पडल्यास दोष अन्यत्र आहे. पुष्कळदां जाळींतील धूळ व मेलेले किडे धुवून काढल्यानेंच काम भागतें, आणि हा उपाय सर्वांत स्वस्त होय!

पंखा लागणारच असेल, तर तो कंडेन्सरच्या पुढें, हवा मागें ढकलणारा असा बसवावा. उलटा फिरला तर येणाऱ्या वाऱ्याशींच तो झगडत बसेल. म्हणून पुढें कागदाचा कपटा धरून दिशा पाहावी. पंख्याचा भार जाळीच्या नाजूक पापुद्र्यांवर टाकूं नये, लोखंडी पट्ट्यांवर टाकावा.

आतां विजेची गोष्ट. १२० वॅटचा पंखा १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेतो. इतका प्रवाह कॉम्प्रेसरच्या बारीक तारेंतून नेल्यास ती तापून जळेल. यास्तव मध्यें रिले घालतात. बारीक तारेंतील अल्प प्रवाहानें एक लहानसें विद्युच्चुंबक जागें होतें, तें पत्री ओढतें, व बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचा मार्ग खुला होतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत खिळ्याभोंवतीं तार गुंडाळून जें चुंबक केलें असेल, तेंच हें. बॅटरीजवळ फ्यूज अवश्य असावा. गॅसच्या नळ्या मात्र घरीं उघडूं नयेत. तें काम जाणत्या मिस्त्रीचें.

शेवटीं बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा विचार राहतो. फार जुन्या गाडींत डायनॅमो असतो आणि इंजिन मंद असतां तो फारच थोडी वीज देतो. म्हणजे नेमक्या चौकांतच पंखा बॅटरी खाऊं लागतो. रात्रीं दिवे, पंखा व वातानुकूलन एकदम लावून गाडी उभी ठेवावी. दिवे पिवळे पडूं लागले, तर अगोदर मोठा अल्टरनेटर बसवावा, पंखा मागाहून.