प्रेत नेताहेत, धुणं चालूच

प्रश्न : चार्ल्स मेरियाँचं ‘ला मॉर्ग’ हे १८५४ सालचं एचिंग एका पुस्तकात पाहिलं. नदीकाठ, धुराडी, प्रेत उचलून नेणारी माणसं. हा खुनाचा प्रसंग आहे का? चित्रकार पुढे वेडा झाला म्हणे. चित्रातली उदासी त्यातूनच आली असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : खून सुचवणारं चित्रात काही नाही. प्रेत सीन नदीतून काढलेलं आहे. मागची बसकी इमारत म्हणजे पॅरिसचं शवागार. सिते बेटावर ते १८०४पासून होतं. बेवारस प्रेतं तिथे काचेआड मांडून ठेवत, म्हणजे कुणीतरी ओळखावं. ओळखायला येणाऱ्यांपेक्षा नुसते बघे जास्त, आणि असे बघे मेरियाँनंही धक्क्याच्या कठड्याला टेकवून ठेवले आहेत.

आता उदासीबद्दल. चित्रात धुकं नाही, पाऊस नाही; चक्क ऊन आहे. उजळ भिंतींवरचं ऊन म्हणजे जवळजवळ कोरा कागद. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईनं रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. जी रेघ जास्त वेळ खाल्ली जाते ती खोल होते, जास्त शाई धरते, कागदावर काळी उमटते. मेरियाँनं खिडक्या आणि सावल्या अशा काळ्या केल्या की भरदिवसा त्या घरांत डोकावायची छाती होऊ नये. त्याला काही रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून तो तैलरंग सोडून एचिंगकडे वळला. काळ्या-पांढऱ्यात मात्र त्याचा हात धरणारे थोडेच.

माझ्या मते खरी बोच खालच्या भागात आहे. काठावर बाई रडते आहे, पोलीस हातवारे करतो आहे, प्रेत चाललं आहे; आणि नदीतल्या होड्यांवर धोबिणींचं धुणं चालूच आहे. पुस्तकातल्या चित्रावर भिंग धरा. नुसत्या नजरेला ही माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि तसंच दिसावं अशी चित्रकाराची इच्छा असणार.

वेडाचं म्हणाल, तर मेरियाँला शाराँतोंच्या मनोरुग्णालयात पहिल्यांदा ठेवलं ते १८५८मध्ये, म्हणजे या चित्रानंतर चार वर्षांनी. नंतरचा आजार आधीच्या चित्रात शोधत बसणं मला पटत नाही. इतकी मोजूनमापून ओढलेली रेघ भ्रमिष्टाची वाटते का? शोधायचंच असेल तर त्याच्या ‘पाँ-तो-शांज’ या पुलाच्या चित्राचे वेगवेगळ्या काळातले ठसे शेजारी ठेवून बघा. पहिल्या ठशांत आकाशात एक बलून आहे, त्यावर ‘स्पेरान्झा’, म्हणजे आशा, असं लिहिलेलं. पुढे त्यानं तोच पत्रा घासून बलून काढून टाकला आणि तिथे काळ्या पक्ष्यांचे थवे घातले.