घुबडाच्या पेटीसाठी गावाची वर्गणी



परिसर अभ्यासाच्या तासाला 'शेतकऱ्याचे मित्र' म्हणून आपण फळ्यावर गांडूळ, बेडूक, साप अशी नावं लिहितो. त्यात घुबड लिहिलं की वर्गात कुजबुज सुरू होते. घुबडाला दगड मारला तर ते दगड झेलते, नेऊन घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजते, हे चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. त्याच पोराला विचारा, लक्ष्मीचं वाहन कोणतं? लगेच उत्तर येते, "घुबड". हे दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदतात! मी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि खोडत नाही. मुलं स्वतःच भांडायला लागतात.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. रोवणीपासून पुंजण्यापर्यंत उंदीर-घुशी सोबतीला असतातच. घूस धुऱ्यात बीळ करते, त्यामुळे बांधीतलं पाणी वाहून जाते आणि धुरा खचतो. शिवाय ती लोंब्या कापून बिळात साठवते. कापणीनंतर बिळं खणून धान काढणारी माणसं आपण पाहिली आहेत. यावर शेतकऱ्याचा उपाय म्हणजे औषध. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो. असा उंदीर घुबडानं खाल्ला की ते विष घुबडाच्या पोटात जाते. म्हणजे उंदीर मारणाऱ्यालाच आपण मारतो.

आपल्या शेतात मुख्यतः दोन घुबडं ओळखावीत. एक पिंगळा. हा मैनेएवढा, अंगावर पांढरे ठिपके असलेला, किडे आणि लहान उंदीर खाणारा. दुसरं गव्हाणी घुबड, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा असलेलं. याचे दोन्ही कान एका पातळीत नसतात, एक थोडा वर आणि एक थोडा खाली असतो. त्यामुळे आवाज नेमका कुठून आला हे त्याला कळते आणि मिट्ट काळोखातही ते उंदीर अचूक पकडते. त्याची पिल्लं भुकेनं रात्रभर फुसफुसतात. माळ्यावर भूत आहे म्हणून जे सांगतात, ते बरेचदा हेच असते. हा आवाज मोबाईलवर वर्गात ऐकवा. आधी मुलं दचकतात, मग हसतात.

यांना घरटं बांधता येत नाही. झाडाची ढोली नाहीतर जुन्या घराचा माळा लागतो. धुऱ्यावरचे म्हातारे मोह आणि आंबे तुटले, कवेलूची घरं जाऊन स्लॅब आले. उंदीर आहेत तिथेच आहेत, पण घुबडाला राहायला जागा नाही. म्हणून लाकडी पेटी.

हा उपाय नवा नाही. इस्राएलमधल्या स्दे एलियाहू या सामूहिक शेतीच्या गावात 1983 पासून गव्हाणी घुबडासाठी पेट्या लावल्या. 2002 पासून शेजारच्या जॉर्डनमधले शेतकरीही त्यात आले. तिथेही घुबड अशुभच मानत. मलेशियातल्या तेलताडाच्या बागांमध्येही पेट्या आहेत. आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशननं 2018 मध्ये उलूक उत्सव भरवला. मुलांनी घुबडाची चित्रं काढली, नाट्य केलं, कविता म्हटल्या. पेटी लावण्याआधी हे काम व्हायला पाहिजे असं माझं मत आहे. भीती तशीच ठेवून पेटी लावली तर पहिला दगड तिच्यावरच पडेल.

आता पैशाचा विषय. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा उपक्रम मांडला तेव्हा एका पालकानं सरळ विचारलं, "घुबडाच्या नावानं कोन पैसे देते जी? अन् पेटी त्याच्या वावरात लागनार, त मी काऊन देऊ?"

पहिल्या प्रश्नाला हसू आलं, पण दुसरा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर भाषणात नाही, गणितात आहे. पाच ते दहा हेक्टरला एक पेटी, असा साधारण हिशोब धरतात. म्हणजे साडेबारा ते पंचवीस एकर. आपल्याकडे एवढी सलग जमीन किती घरांकडे आहे? भावाभावांत वाटण्या होऊन एकेकाच्या वाट्याला दोन-चार बांध्या उरल्या आहेत. घुबड शिकारीला एक किलोमीटरही जाते, त्याला सातबारा वाचता येत नाही. पेटी एकाच्या मोहावर टांगली तरी उंदीर वीस जणांच्या बांधीतले जातात. हे मुलांना गावच्या नकाशावर दाखवा. पेटीच्या जागी टाचणी लावा, प्रमाणानुसार दोरा घेऊन वर्तुळ काढा आणि त्यात कुणाकुणाची शेतं येतात त्यांची नावं मुलांनाच लिहू द्या. तो कागद घरी गेला की बापाला वेगळं समजावावं लागत नाही.

वर्गणी किती? समजा तीन पेट्या करायच्या, सुताराची मजुरी धरून एकीला 1,800 रुपये. एकूण 5,400. गावात 60 घरं धरली तर घरटी 90 रुपये. 2024-25 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता, म्हणजे किलोला 23. नव्वद रुपये म्हणजे चार किलो धानही नाही. बिळातून निघणाऱ्या धानाशी याची तुलना मुलांना करू द्या. खरा दर तुमच्या गावच्या सुताराकडून मुलांनीच विचारून आणावा. चौथी-पाचवीसाठी याहून चांगलं शाब्दिक उदाहरण मला सापडलं नाही.

एखाद्या मोठ्या माणसानं तिन्ही पेट्यांचे पैसे एकदम दिले तर? मी म्हणेन, घेऊ नका. पूर्ण तर नाहीच. पेटी त्याची होऊन जाते आणि बाकीच्यांना ती फुटली काय, राहिली काय, सारखंच. दहा रुपये दिलेला माणूस मात्र दगड उचललेल्या पोराला हटकतो, "आमचे पैसे आहेत त्यात!" शिवाय बांधीजवळ विष टाकायच्या आधी तो एकदा थांबून विचार करतो. राखणदार मिळतो तो असा.

वेळ मंडईची धरावी. दिवाळीनंतर दंडार आणि नाटकासाठी गावात वर्गणी फिरतेच, हलका धान निघालेला असतो, लोकांच्या हाती चार पैसे असतात. रोख नसेल त्याच्याकडून धान घ्या. मात्र पैसे समितीतल्या पालकांनी गोळा करावे, शिक्षकानं किंवा मुलांनी नाही. मुलांवर सक्ती अजिबात नको, कुणी दिले नाही ते वर्गात वाचायचं नाही. पावती एक रुपयाचीही द्यावी. जमाखर्च मुलांनी मोठ्या अक्षरात लिहून शाळेच्या भिंतीवर लावावा. पिंगळ्याचा विणीचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे डिसेंबरपर्यंत पेट्या लागल्या पाहिजेत.

गव्हाणी घुबडाच्या पेटीचं दार साधारण 13 सेंटिमीटर लांब-रुंद ठेवतात. दारापासून पेटीचा तळ 45 सेंटिमीटर तरी खोल हवा, नाहीतर पिल्लं बाहेर पडतात. सुतार हमखास दार खाली ठेवतो, तेव्हा माप लिहूनच द्या. पिंगळ्याला लहान पेटी आणि लहान दार पुरतं. जमिनीपासून तीन मीटरच्या वर, विजेच्या तारांपासून दूर लावा. शेतमालकाची संमती लेखी घ्या आणि वनरक्षकाला कळवून ठेवा. सगळी घुबडं कायद्यानं संरक्षित आहेत, तरी चोरटा व्यापार चालतो. 2010 मध्ये ट्रॅफिक इंडियाच्या अहवालात भारतातल्या 30 पैकी 15 जाती अशा व्यापारात आढळल्याची नोंद आहे. म्हणून कोणत्या झाडावर पिल्लं आहेत ते व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोटोचा मोह आवरा.

वर्गणी घेतानाच एक गोष्ट सांगून टाका, की पहिल्या वर्षी पेटी रिकामी राहू शकते. कधी मैना घुसते, कधी मधमाश्या. आणि घुबड आलं तरी उंदीर संपणार नाहीत, कमी होतील. धुऱ्यावरची बिळं बुजवणं, गवत साफ करणं ही कामं आपल्यालाच करायची आहेत. हे आधी सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन कुणाच्या दारी जाता येणार नाही.

पेटीखाली पडलेल्या करड्या-काळ्या गोळ्या मात्र गोळा करत राहा. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळते, हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. तिला पेलेट म्हणतात. हातमोजे घालून गोळी कोमट पाण्यात भिजवा, चिमट्यानं हळूच सोडवा, नंतर हात साबणानं धुवा. आतल्या कवट्या मोजून आकडा तारखेसह भिंतीवरच्या जमाखर्चाच्या कागदाखाली लिहायचा. एका मुलीनं मला विचारलं, "सर, हे जमेत लिहू का खर्चात?" मी म्हटलं, घरी विचारून ये.