हिरवी तार

जतमध्ये नवे घर बांधताना भिंती उभ्या राहिल्या, की गिलाव्याआधी वायरमन येतो. मुलांनो, घर अर्धवट असतानाच त्याला का बोलावतात? भिंतीत खाच पाडून नळी बसवायची असते. गिलावा झाल्यावर हे करायचे, तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

नळीतून तीन तारा ओढतात. लाल तारेतून वीज येते, काळीतून परत जाते. हिरव्या तारेतून एरवी वीज वाहत नाही. म्हणून काही लोक पैसे वाचवायला तीच गाळतात. ही काटकसर जिवावर बेतते. घरातील वीज 230 व्होल्टची असते. इस्त्रीच्या आत लाल तार सुटून पत्र्याला लागली, तर हिरव्या तारेतून वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. हिरवी तार नसेल, तर तीच वीज इस्त्रीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. प्लगची जाड पिन याच तारेसाठी असते. ती लांब असते, म्हणून आधी जोडली जाते व शेवटी सुटते.

हिरवी तार अंगणातल्या खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला जोडतात. यालाच अर्थिंग म्हणतात. पत्र्याभोवती कोळसा व मीठ, म्हणजे आपले नमक, घालतात. कोळसा ओल धरतो. मिठाच्या ओलीतून वीज सहज जाते. पण आपला तालुका पडला दुष्काळी! उन्हाळ्यात माती सुकते आणि सुक्या मातीतून वीज नीट जात नाही. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. प्यायला पाणी नाही, तिथे खड्ड्याला कुठले, असे कोणी म्हणेल. कपडे विसळलेले पाणीही चालते.