क्षारपड जमिनीतील औषधी वनस्पती आणि अँटिऑक्सिडंट

क्षारयुक्त जमिनीत वाढलेल्या अनेक वनस्पतींत अँटिऑक्सिडंट घटक वाढतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. मग अशी जमीन औषधी लागवडीस हितकर मानावी काय, याचा विचार येथे करीत आहोत.

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील बेगडेवाडीसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास हा प्रश्न दूरचा वाटेल. मावळच्या पावसात विद्राव्य क्षार धुऊन जातात. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४००० मि.मी.हून अधिक पाऊस होतो. परंतु याच जिल्ह्याच्या पूर्वेस, बारामती-इंदापूरकडे, तो ५०० मि.मी.च्या आसपास आहे. तेथे कालव्याचे पाणी भारी काळ्या जमिनीस निचऱ्याविना मिळत राहिले, भूजल वर आले आणि बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागी साचले. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर १९१० मध्येच पत्रिका लिहिली होती. बाजारातून येणारे द्रव्य यांपैकी कोणत्या भूमीतले, हे मावळातील वैद्यास पुडीवरून कळत नाही.

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त समजतात. अशा जमिनीत मुळांस पाणी ओढणे जड जाते, पर्णरंध्रे मिटतात आणि कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा घटतो. सूर्यप्रकाश मात्र पूर्ववत पडत असतो. त्यामुळे हरितलवकांतील जादा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळून सुपरऑक्साइड निर्माण होते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटॅलेज व अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्याचे पुढे पाणी करतात. सोबत प्रोलिन साठते, कित्येक जातींत फेनॉलवर्गीय द्रव्येही वाढतात. क्षार फार वाढले तर ही संरक्षणव्यवस्था अपुरी पडते. पेशीपटलातील स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होऊन मॅलोनडायअल्डिहाइड वाढते आणि पाने कडेने करपतात. सहनशील व नाजूक जातींत हा फरक पुष्कळ असतो, म्हणून एका वनस्पतीचा आकडा दुसरीस लावू नये.

आमच्या मते वाढलेल्या विकरांचा रुग्णास लाभ होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती प्रथिने आहेत. काढा उकळताना ती निष्क्रिय होतात, आणि पोटात गेलीच तर पचतात. फेनॉलवर्गीय द्रव्ये काही अंशी टिकतात, हे खरे. परंतु त्यांचा टक्का वाढत असताना झाडाची वाढ खुंटलेली असते. एकरी उत्पन्न धरल्यास लाभ पुष्कळदा हातचा जातो. शिवाय औषधाचे कार्य केवळ या एका गुणाने ठरत नाही.

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी घेण्यास योग्य भूमी सांगताना ती ऊषर नसावी असे म्हटले आहे. ऊषर म्हणजे खारवट. या अटीमागील एक व्यावहारिक बाजू आज सहज समजते: अशा वनस्पतीत सोडियम अधिक व पोटॅशियम कमी असण्याची शक्यता असते. उच्च रक्तदाबाच्या किंवा वृक्कविकाराच्या रुग्णास चूर्ण मोठ्या मात्रेत द्यावयाचे झाल्यास ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. क्षारकल्पनेत तर ती थेट नडते. अपामार्गक्षार हा राखेतूनच काढावयाचा. भूमी बदलली की क्षाराचे घटकही बदलतात.

घाऊक खरेदी करणाऱ्यांनी एकूण राख व आम्लात न विरघळणारी राख या दोन्ही कसोट्या एकत्र पाहाव्यात. दोन्ही वाढलेल्या असतील तर माती-वाळूची भेसळ संभवते. पहिली वाढलेली आणि दुसरी मर्यादेत असेल, तर विद्राव्य क्षारांची शंका घ्यावी व ज्वालाप्रकाशमापीवर सोडियम मोजून घ्यावे. स्वतः लागवड करणाऱ्यांनी रोपे लावण्यापूर्वी माती व विहिरीचे पाणी, दोहोंची विद्युतवाहकता तपासावी. उन्हाळ्यात विहीर आटत आली असता घेतलेला पाण्याचा नमुना अधिक खरे सांगतो.